आर.बी.आय. बेसबॉल (एनईएस) रेट्रोआर्कवर: बॅट उशिरा फिरते, कधी अर्ध्यावरच थांबते

धागाकर्ता: डावखुरा_खेळाडू

रेट्रोआर्कमध्ये (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) नेस्टोपिया कोअर (निन्टेंडोच्या जुन्या एनईएस यंत्राची नक्कल करणारा भाग) घेऊन टेन्जेन कंपनीचा १९८८ चा आर.बी.आय. बेसबॉल खेळतो आहे. विंडोज लॅपटॉप, एचडीएमआय केबलने ४३ इंची एलईडी टीव्ही, एक्सबॉक्स धाटणीचा ब्लूटूथ पॅड. गेम सुरू होतो, आवाज आणि चित्र ठीक आहे. अडचणी अशा:

१. चेंडू डोळ्यांना बॅटवर आलेला दिसतो तेव्हा बटण दाबलं की हमखास चुकतो. अंदाजाने बराच आधी दाबलं तरच लागतो.

२. पॅडवर ‘ए’ छापलेल्या बटणाने बॅट फिरतच नाही. सर्वांत वरच्या ‘वाय’ बटणाने फिरते, पण पुष्कळदा अर्ध्यावर थांबते आणि चेंडू पुढ्यात टपकन पडतो.

३. क्षेत्ररक्षणात चेंडू हातात आल्यावर थ्रो भलत्याच बेसवर जातो.

४. मैदानात गर्दी झाली की खेळाडू लुकलुकतात.

५. खेळ मध्येच सोडला तर पुढे कसा चालू करायचा? आणि न्यू जर्सीतल्या भावासोबत ऑनलाइन खेळता येईल का?

गेमचा वेग कमी करून सराव करावा असं एकाने सुचवलं आहे. ते करावं का?

---

प्रतिसाद १: चौकट_साठ

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सल्ला तुमचा खेळ बिघडवेल. वेग कमी करू नका. स्लो मोशनमध्ये चेंडू हळू येतो, पण टीव्ही आणि पॅडमुळे होणारा उशीर मिलिसेकंदांत तेवढाच राहतो. म्हणजे चेंडू आणि उशीर यांचं प्रमाण बदलतं. त्या प्रमाणावर बसलेला हात मूळ वेगात निरुपयोगी ठरतो. उशीर जिथे तयार होतो तिथेच तो काढायचा.

हिशोब असा. एनईएस सेकंदाला ६०.०९८८ चौकटी (फ्रेम) काढतं, म्हणजे एक चौकट साधारण १६.६ मिलिसेकंदांची. बऱ्याच एलईडी टीव्ही नेहमीच्या ‘स्टँडर्ड’ किंवा ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये चित्रावर प्रक्रिया करत बसतात आणि त्यात ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे तीन ते सहा चौकटी. तुम्ही पाहता तो चेंडू गेमच्या हिशोबात केव्हाच पुढे गेलेला असतो. या गेममध्ये बॅटिंग करताना बॅटची उंची निवडायची नसते. बॅटर होम प्लेटपासून (त्याच्या पुढ्यातल्या पाटीपासून) किती जवळ उभा आहे आणि बटण कधी दाबलं, एवढ्यावरच फटका ठरतो. त्यामुळे सहा चौकटींची चूक हातचलाखीने भरून निघत नाही.

या क्रमाने जा, आणि प्रत्येक पायरीनंतर पाच-दहा चेंडू खेळून बघा:

पहिलं, टीव्हीचा गेम मोड. काही टीव्हींमध्ये तो फक्त ठरावीक एचडीएमआय पोर्टला लागू होतो, काहींमध्ये त्या इनपुटचं नाव ‘पीसी’ किंवा ‘गेम’ असं बदलावं लागतं. मोशन स्मूदिंग, नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. ही एक गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा जास्त फरक पाडते.

दुसरं, पॅड यूएसबी केबलने जोडा. ब्लूटूथचा उशीर सरासरीने फार नसतो, पण तो एकसारखा नसतो. टायमिंगच्या खेळात हा चढउतार जास्त त्रास देतो, कारण ठरावीक उशिराची हाताला सवय होते, बदलत्या उशिराची होत नाही.

तिसरं, लॅपटॉपचा डिस्प्ले ‘डुप्लिकेट’ वर असेल तर ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ करा आणि टीव्हीचा रिफ्रेश दर ६० हर्ट्झ ठेवा. डुप्लिकेटमध्ये दोन पडद्यांचे दर जुळत नसले की चेंडू मध्येच उडी मारल्यासारखा दिसतो. रेट्रोआर्क पूर्ण पडद्यावर चालवा, खिडकीत नको. खिडकीत असताना विंडोजचा कंपोझिटर (सगळ्या खिडक्या एकत्र जुळवून दाखवणारा भाग) स्वतःचा उशीर वर घालतो.

चौथं, रेट्रोआर्कच्या आतले बदल. व्हिडिओ ड्रायव्हर ‘जीएल’ असेल तर लेटन्सी मेनूत ‘हार्ड जीपीयू सिंक’ चालू करा. ‘व्हल्कन’ असेल तर ‘मॅक्स स्वॅपचेन इमेजेस’ २ करा. लॅपटॉप दमत असेल, आवाज तुटत असेल, तर परत ३. ऑडिओ लेटन्सी मुळात ६४ मिलिसेकंद असते, ती ३२ वर आणून बघा. खरखर आली की ४८. आवाजाचा बॅटिंगशी थेट संबंध नाही असं वाटतं, पण बॅटचा ‘टक’ उशिरा ऐकू आला की मेंदू पुढचा फटका त्या आवाजाशी जुळवायला लागतो.

पाचवं आणि सगळ्यांत शेवटी, रन-अहेड. त्याची नीट माहिती कुणीतरी दिली तर बरं, मला पडद्याच्या बाजूचंच जास्त कळतं.

---

प्रतिसाद २: जुनी_कॅसेट

रन-अहेडचं मी सांगतो.

बटण दाबल्यावर त्याचा परिणाम पडद्यावर यायला गेमच्या स्वतःच्या कोडमध्येच एक-दोन चौकटी जातात. खऱ्या एनईएसवरही त्या जातातच. रन-अहेड गेमला तेवढ्या चौकटी पुढे पळवून ते चित्र दाखवतं आणि मग स्थिती मागे घेतं. त्यामुळे टीव्हीने वाढवलेल्या उशिराची थोडी भरपाई होते.

आकडा कुणाचा तरी वाचून टाकू नका, मोजा. रन-अहेड बंद ठेवून बॅटिंगला या. गोलंदाज चेंडू टाकण्याआधी कीबोर्डवर ‘पी’ दाबून गेम थांबवा. आता पॅडवर डावी दिशा दाबून धरा आणि ‘के’ एकेकदा दाबत जा. प्रत्येक ‘के’ ला एकच चौकट पुढे जाते. बॅटर चौकोनात सरकलेला दिसला की थांबा. दुसऱ्या ‘के’ ला सरकला तर आतला उशीर १, तिसऱ्याला सरकला तर २. हाच आकडा रन-अहेडला द्यायचा. एनईएसचे बहुतेक गेम १ किंवा २ मध्ये बसतात.

हे बॅट फिरवून मोजण्यापेक्षा बॅटर सरकवून मोजणं बरं. बॅटची पहिली चौकट आणि उभ्या बॅटरची चौकट यातला फरक पटकन लक्षात येत नाही.

मोजलेल्यापेक्षा जास्त आकडा टाकला तर काय होतं ते ओळखायला शिका: बटण दाबताच बॅटच्या हालचालीतल्या सुरुवातीच्या चौकटी गायब होतात, बॅट एकदम मध्यावर दिसते. क्षेत्ररक्षणात दिशा बदलली की खेळाडू झटका देऊन सरकतो. असं दिसलं की एकाने कमी करा. टीव्ही मंद आहे म्हणून रन-अहेड ४-५ करून भरपाई करायचा मोह होतो, पण त्याने चेंडूचा मार्गच तुटक दिसायला लागतो. मंद टीव्हीला गेम मोड हाच उपाय.

सेटिंग्ज, लेटन्सी, रन-अहेड इथे ‘सेकंड इन्स्टन्स’ (कोअरची दुसरी प्रत सोबत चालवणं) हा पर्याय असेल तर तो घ्या. एकाच इन्स्टन्समध्ये काही कोअर आवाजात गुणगुण करतात. लॅपटॉप जुना असेल तर ‘प्रीएम्प्टिव्ह फ्रेम्स’ हलकं पडतं, कारण ते बटणांची स्थिती बदलते तेव्हाच जास्तीचं काम करतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, अर्ध्यावर थांबणारी बॅट. हा बिघाड नाही, तो बंट आहे. आर.बी.आय. मध्ये एनईएसचं ‘ए’ दाबून धरलं तर पूर्ण फटका बसतो. दाबून लगेच सोडलं तर बॅट मध्येच थांबते आणि चेंडू नुसता अडवला जातो. तुमच्याकडे तो आपोआप का होतोय, ते पॅडच्या जुळणीत आहे.

रेट्रोआर्क बटणं छापील अक्षराने ओळखत नाही, जागेने ओळखतं. एक्सबॉक्स धाटणीच्या पॅडवर खालचं बटण (छापलेलं ‘ए’) म्हणजे एनईएसचं ‘बी’. उजवीकडचं बटण (छापलेलं ‘बी’) म्हणजे एनईएसचं ‘ए’. म्हणून छापील ‘ए’ ने बॅट फिरत नाही. आणि नेस्टोपिया कोअरमध्ये वरचं बटण ‘टर्बो ए’ आहे, डावीकडचं ‘टर्बो बी’. टर्बो म्हणजे तुम्ही बटण धरून ठेवलं तरी कोअर गेमला ‘दाबलं-सोडलं-दाबलं-सोडलं’ असं सेकंदाला अनेकदा कळवतो. गेमच्या दृष्टीने तुम्ही प्रत्येक चेंडूला बंटच मागताय.

उपाय: बॅटिंगला उजवीकडचं बटण वापरा आणि दाबल्यावर बॅट पूर्ण फिरेपर्यंत बोट उचलू नका. अंगठ्याला ती जागा अवघड वाटत असेल तर क्विक मेनू, कंट्रोल्स, पोर्ट १ मध्ये जाऊन खालच्या बटणाला ‘ए’ आणि डावीकडच्याला ‘बी’ द्या. मूळ एनईएस पॅडवर ‘बी’ डावीकडे आणि ‘ए’ उजवीकडे असतं, ही मांडणी त्याच्या जवळ जाते. वरचं बटण रिकामं करा. शेवटी ‘सेव्ह गेम रीमॅप फाइल’ करायला विसरू नका, नाहीतर गेम बंद केल्यावर सगळं पूर्ववत होतं.

---

प्रतिसाद ३: तिसरा_बेस

थ्रोबद्दल. बेसची दिशा डी-पॅडशी (पॅडवरच्या दिशांच्या बटणांशी) अशी जुळते: उजवीकडे पहिला बेस, वर दुसरा, डावीकडे तिसरा, खाली होम. दिशा धरून ‘ए’ दाबलं की थ्रो. १९८६ च्या नामकोच्या ‘प्रो याक्यू फॅमिली स्टेडियम’ मध्येही हेच होतं. आर.बी.आय. ही त्याचीच अमेरिकी आवृत्ती.

गोंधळ कुठे होतो ते बघा. चेंडू डावीकडे गेलाय, तुम्ही डावी दिशा धरून खेळाडू पळवताय, चेंडू मिळाला आणि घाईत ‘ए’ दाबलं. अंगठा अजून डावीकडेच आहे, त्यामुळे थ्रो तिसऱ्या बेसवर. पळवण्याची दिशा आणि फेकण्याची दिशा एकाच डी-पॅडवर असल्याने हे होतं. चेंडू हातात आला की अंगठा पूर्ण उचला, मग नवी दिशा, मग ‘ए’. ही तीन पावलं सुटी ठेवली की चुका थांबतात. क्षणभर उशीर झाला तरी योग्य बेसवर गेलेला थ्रो चुकीच्या बेसवरच्या जलद थ्रोपेक्षा केव्हाही चांगला.

दुसरं कारण ॲनालॉग स्टिक. स्टिक तिरकी गेली की ‘वर’ आणि ‘उजवं’ एकदम जातात आणि गेम त्यातलं एक घेतो. पोर्ट १ च्या सेटिंगमध्ये ‘ॲनालॉग टू डिजिटल टाइप’ ‘नन’ करा आणि फक्त डी-पॅड वापरा. स्वस्त पॅडची गोल चकतीसारखी डी-पॅड असेल तर तीही तिरकी दिशा देते. अशा वेळी पॅड बदलण्यावाचून इलाज नाही. कीबोर्डवर खेळणाऱ्यांनी दोन बाण आणि एक अक्षर एकाच वेळी दाबून बघावं, काही कीबोर्ड तिसरी कळ गिळतात.

धावपटूंसाठी: ‘बी’ आणि बेसची दिशा म्हणजे पुढे पळ, ‘ए’ आणि बेसची दिशा म्हणजे मागे फिर. क्रिकेटवरून आलेल्या खेळाडूंचे सगळ्यांत जास्त बळी इथे जातात. क्रिकेटमध्ये झेल गेला की एकच गडी बाद होतो. इथे उंच फटका झेलला गेला आणि तुमचा धावपटू बेस सोडून पुढे गेलेला असेल, तर त्याने परत येऊन मूळ बेसला पाय लावावा लागतो. त्याआधी चेंडू त्या बेसवर पोचला की तोही बाद. एका झेलात दोन आउट. चेंडू उंच उडालेला दिसला की फटका किती लांब गेला हे बघत बसू नका, आधी ‘ए’ आणि दिशेने धावपटूला मागे आणा. झेल सुटला तर पुन्हा ‘बी’. जमिनीवरून गेलेल्या चेंडूवर मात्र बॅटरला पळावंच लागतं आणि पहिल्या बेसवरच्याला जागा खाली करावीच लागते, तिथे मागे फिरवण्यात अर्थ नाही.

धावपळ शिकायची असेल तर सेंट लुई संघ घ्या. त्यांचा व्हिन्स कोलमन या गेममधला सर्वांत वेगवान धावपटू, त्याला बेस चोरायला (फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसवर पळायला) सोडलं की ‘बी’ चं टायमिंग लवकर कळतं. गोलंदाजीसाठी ह्यूस्टन: माइक स्कॉट आणि नोलन रायन दोघेही तिथेच. टाकताना खालची दिशा धरून ‘ए’ म्हणजे वेगवान चेंडू. चेंडू सुटल्यावर डावी किंवा उजवी धरली की तो हवेत वळतो. एकाच गोलंदाजाला ताणत राहिलात तर तो दमतो आणि चेंडूचा वेग पडतो. वेग पडलेला दिसताच बदला.

एक माहिती, जी पुष्कळांना गोंधळात टाकते: खेळाडूंची नावं खरी आणि संघांना नुसती शहरांची नावं, असं का? टेन्जेनकडे खेळाडूंच्या संघटनेचा परवाना होता, मेजर लीगचा (अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल लीगचा) नव्हता. आठ शहरं म्हणजे १९८६ आणि १९८७ च्या प्लेऑफमधले (मोसमाअखेरच्या बाद फेरीतले) संघ, शिवाय दोन्ही लीगचे ऑल-स्टार (निवडक खेळाडूंचे) संघ. तुमच्या प्रतीत काही गहाळ आहे असं समजू नका.

---

धागाकर्ता: डावखुरा_खेळाडू

गेम मोड लावला, केबल जोडली, बटणं बदलली. चेंडू आता दिसतो तिथेच लागतो. बंटही थांबला. लुकलुकणं, सेव्ह आणि ऑनलाइन एवढं राहिलं.

---

प्रतिसाद ४: जुनी_कॅसेट

लुकलुकणं मूळ यंत्राचंच आहे. एनईएसची चित्र-चिप पडद्याच्या एका आडव्या रेषेवर फक्त ८ स्प्राइट (हलत्या चित्रांचे तुकडे) काढू शकते. धावपटू, बेसमन, चेंडू आणि त्याची सावली एकाच रेषेवर आले की काही तुकडे गळतात. नेहमी तेच तुकडे गळू नयेत म्हणून गेम आळीपाळीने वेगवेगळे गाळतो, त्यालाच आपण लुकलुकणं म्हणतो. क्विक मेनू, कोअर ऑप्शन्समध्ये ‘रिमूव्ह स्प्राइट लिमिट’ चालू करा. खेळाच्या वेगावर काही परिणाम होत नाही. त्याच मेनूत ‘ओव्हरक्लॉक’ दिसेल, त्याला हात लावू नका. आणि ‘सिस्टिम’ किंवा ‘रीजन’ एनटीएससी (अमेरिकी टीव्ही पद्धत) आहे ना ते बघा. चुकून पीएएल (युरोपी पद्धत) झालं तर गेम ६० ऐवजी ५० चौकटींवर चालतो, सगळं सहाव्या हिश्शाने मंद होतं, आणि त्यावर बसलेलं टायमिंग दुसरीकडे कुठेच चालत नाही.

सेव्ह: या कार्ट्रिजमध्ये खेळ जपून ठेवणारी बॅटरी नाही. एकट्याने खेळताना गेम पासवर्ड देतो, तो लिहून ठेवा. सामन्याच्या मध्ये थांबायचं असेल तर ‘एफ२’ ने सेव्ह स्टेट (त्या क्षणाची पूर्ण नोंद), ‘एफ४’ ने परत. ‘एफ६’ आणि ‘एफ७’ ने स्लॉट बदलतो, तेव्हा दोन स्लॉट आलटून पालटून वापरा. कोअर बदलला की जुनी स्टेट चालत नाही. पासवर्ड मात्र कुठेही चालतो, म्हणून दोन्ही ठेवा.

पुढे कधी एसएनकेचा १९८९ चा बेसबॉल स्टार्स घेतलात तर हा नियम उलटा होतो, म्हणून आत्ताच सांगतो. त्यात स्वतःचा संघ तयार करता येतो, सामने जिंकून मिळालेल्या पैशांतून खेळाडू सुधारता येतात आणि हे सगळं बॅटरीवर राहतं. रेट्रोआर्क ती स्मृती ‘एसआरएम’ फाइलमध्ये ठेवतं, पण मुळात ती फाइल गेम नीट बंद केल्यावरच लिहिली जाते. फोनवर ॲप वर ढकलून मारलं की त्या बैठकीतलं सगळं जातं. ‘सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटर्व्हल’ १० सेकंद करा. त्याहून वाईट प्रकार म्हणजे जुनी सेव्ह स्टेट उघडणं: स्टेटमध्ये त्या वेळची बॅटरी-स्मृतीही असते, ती आजच्या मोसमावर बसते आणि पुढच्या वेळी तीच फाइलमध्ये उतरते. सेटिंग्ज, सेव्हिंगमध्ये ‘डोन्ट ओव्हरराइट सेव्हरॅम ऑन लोडिंग सेव्ह स्टेट’ चालू ठेवा. आणि अशा गेमला शक्यतो स्टेट वापरूच नका.

---

प्रतिसाद ५: चौकट_साठ

नेटप्लेबद्दल (रेट्रोआर्कमधून ऑनलाइन खेळणं). दोघांकडे रेट्रोआर्कची आणि कोअरची तीच आवृत्ती आणि बाइट-न्-बाइट तीच रॉम (गेमची फाइल) हवी. एकाकडे नवीन नावांचा पॅच लावलेली आणि दुसऱ्याकडे मूळ असेल तर जोडणी झाली तरी काही चेंडूंत दोन पडद्यांवर दोन वेगळे सामने चालू होतात.

यजमानाच्या राउटरवर ५५४३५ हा टीसीपी पोर्ट उघडा लागतो. भारतात बऱ्याच मोबाइल आणि फायबर जोडण्या सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता देणाऱ्या व्यवस्थेच्या) मागे असतात, तिथे राउटरमध्ये पोर्ट उघडूनही उपयोग नाही. मग ‘यूज रिले सर्व्हर’ चालू करा आणि दोघांच्या मधला सर्व्हर निवडा. नाहीतर भावाला यजमान करा.

आता अंतर. भारत ते न्यू जर्सी जाऊन-येऊन २०० मिलिसेकंदांच्या वर लागतात. एका बाजूचे १०० धरले तरी ६ चौकटी. नेटप्ले दोन प्रकारे ते झाकतं: एक तर तुमचं बटणच तेवढं उशिरा मोजायचं, किंवा समोरच्याचं बटण अंदाजाने धरून चुकलं की मागे जाऊन दुरुस्त करायचं. पहिल्या प्रकारात तुम्ही परत मूळ अडचणीवर येता. दुसऱ्यात गोलंदाजाने चेंडू वळवला की तो तुमच्या पडद्यावर सहा चौकटी सरळ येऊन मग एकदम बाजूला उडी मारतो. शिवाय नेटप्ले चालू असताना रन-अहेड काम करत नाही.

मधला मार्ग: ‘इनपुट लेटन्सी फ्रेम्स’ २ किंवा ३ ठेवा, उरलेलं रोलबॅकवर (मागे जाऊन दुरुस्त करण्यावर) सोडा, आणि आपसांत ठरवा की गोलंदाजाने चेंडू सुटल्यावर दिशा बदलायची नाही, सुटण्याआधीच धरायची. दिशा सुरुवातीपासून धरलेली असली की अंदाज चुकत नाही आणि उडी दिसत नाही. पुणे-नाशिक अशा अंतरावर यातलं काहीच करावं लागत नाही.

---

प्रतिसाद ६: संपादक_खेळ_विभाग

रॉमचे दुवे मागू वा देऊ नयेत. कार्ट्रिज स्वतःकडे असेल तर सान्नीच्या ओपन सोर्स कार्ट रीडरसारख्या यंत्राने तिची प्रत काढता येते. एनईएसची कार्ट्रिज ७२ पिनांची असते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या ज्या कॅसेट मिळायच्या त्या ६० पिनांच्या, त्यांना वेगळा ॲडॉप्टर लागतो. प्रत काढण्याआधी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसा, पूर्ण वाळू द्या. दोनदा प्रत काढून दोन्हींचा चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळतो का ते बघा. जुळला नाही तर पिनांवर अजून काळपट थर आहे, पुन्हा पुसा.